सतरा नंबरचा प्लॉट

बोरटोला, ता. मोहाडी
१८ मार्च २०२५

चि. कमलेश,

आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही. लागला तर तुझ्या ऑफिसातली मुलगी उचलते आणि ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणते. शेवटच्या खेपेला मी तिला विचारलं, बाई, तुमचे सर जेवतात केव्हा? ती हसली, पण निरोप काही पोचला नाही. म्हणून हे पत्र. मायना कुठे, तारीख कुठे, हे तुला चौथीत मीच शिकवलं आहे, तेव्हा वाचायला जड जाणार नाही.

काल पहाटे मोहफुलं वेचायला टोपली घेऊन निघालो. दर वर्षी जातो तसाच. तुझ्या लेआउटला आता लोखंडी गेट लागलं आहे आणि गेटवर खुर्ची टाकून एक गृहस्थ बसतात.

“कोणाकडे जाचं आहे बाबा?”

“कोणाकडे नाही. आमच्या मोहाकडे.”

“तसं नाई जमत जी. नंबर सांगा.”

“सतरा.”

त्यांनी माझ्या टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सतरा नंबर तं नागपूरच्या साहेबाचा आहे. परवाच पाया खोदला त्यायनं. तुमी त्यायचे कोण?”

मी म्हणालो, मी या शेताचा जुना धनी. ते उठून उभे राहिले, चहा विचारला, पण आत काही सोडलं नाही. तारेच्या कुंपणातून पाहिलं. रेल्वेच्या बाजूच्या फांद्या छाटल्या आहेत. बुंध्यापासून दोन हातांवर खड्डा आहे आणि त्या खड्ड्यात फुलं पडली आहेत. रात्रभर पडली असतील. कोणी वेचली नाहीत.

कमलेश, तुला आठवण द्यायला नको, पण देतो. आपल्याकडे शेत विकलं तरी मोह राखून ठेवतात. शेताचा धनी बदलतो, फुलं वेचणारा बदलत नाही. माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांध्यांत धानाची रोवणी करून ही जमीन घेतली, तेव्हा आधीच्या मालकाची म्हातारी बहीण मरेपर्यंत याच झाडाखाली येत होती. बापाने तिला कधी अडवलं नाही. या रीतीला कागद लागत नाही. मोहासाठी कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

तू जमीन घेतलीस तेव्हा आपण दोघं शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसलो होतो. तू नकाशा मांडीवर पसरलास आणि बोट ठेवून म्हणालास, “गुरुजी, मोह तुमचा. अन् ज्या प्लॉटात मोह येते, तो सतरा नंबर आपल्या तृप्तीचा. ज्या भावानं तुमच्याकडून घेतलं, त्याच भावानं तिले देईन.” मी तुला कागद मागितला नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यासमोर एक घर आहे. दोन खोल्या, ओसरी, मोहाची सावली. स्टेशन पायी जाण्याच्या अंतरावर. तृप्ती आणि जावई अश्विन सकाळच्या गाडीने नागपूरला जातील, संध्याकाळी परततील. त्यांची छकुली माझ्याजवळ राहील. मी तिला कविता शिकवीन. गाडीची शिटी ऐकली की तिच्या आजीला सांगेन, चहा ठेव, आली पोरं.

काही गोंधळ झाला असेल. तुझ्या माणसांनी नंबर चुकवला असेल. तेवढा दुरुस्त कर आणि कळव.

तुझा,
डोमाजी गुरुजी


बोरटोला
२ एप्रिल २०२५

श्री. कमलेश बांते, संचालक,

उत्तर आलं नाही. तेव्हा हे पत्र संचालकांना.

परवा वरठीला तृप्तीच्या खोलीवर जाऊन आलो. एक खोली, आत पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर. घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं. मी त्याला विचारलं, बाबा रे, भिंतीला रंग तरी दिलास का? तो म्हणतो, “रंग कायले लागते गुरुजी? स्टेशन जवळ आहे ना.” नागपुरात घर घेणं ज्यांना झेपत नाही ते सगळे आता रेल्वेच्या कडेकडेने इकडे सरकत आले आहेत. आमच्या लहानपणी जमीन एकराने बोलली जायची. आता लोक पानठेल्यावर उभे राहून स्क्वेअर फुटाचा भाव सांगतात, जसा पूर्वी पाऊस सांगत.

तृप्तीला मी सतरा नंबरचं विचारलं. ती भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, “पाहू ना बाबा. तुमी नका डोकं लावू.” तिचा आवाज इतका थकलेला होता की मी पुढे बोललो नाही. सकाळी अंधारात निघते, रात्री अंधारात येते. दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त तपासते. तिने कोणाशी भांडावं? भांडायला बाप आहे.

आता हिशेब तुमच्या शब्दाचा. बोरटोल्यातल्या लोकांनी तुम्हाला जमिनी काही उगाच दिल्या नाहीत. मी दारोदार फिरलो. सुखराम हटवार तर चुलीवरची भाजी उतरवून बाहेर आला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमी मनता तं देतो. पण पोरायचं काय?” मी तुमचा शब्द त्याच्या ओसरीत ठेवला: गावच्या प्रत्येक पोराला एकेक प्लॉट, जुन्या भावाने. म्हणजे आपली मुलं आपल्याच गावाच्या कडेला राहतील, नोकरीला नागपूर आणि झोपायला बोरटोला. किती सुंदर वाटलं होतं ते सांगताना! मी चार ओळीही केल्या. त्या तुम्ही मागून नेल्या होत्या:

असे असावे घर की त्याला
ओळखीचा वारा यावा,
दार वाजवणाऱ्याचाही
आवाज आधी कळावा.

काल गेटवरून पाहिलं, फलकावर त्या ओळी आहेत. खाली ‘टू बीएचके रो-हाऊस, मोजकीच शिल्लक’. आणि आतल्या घरांवरच्या पाट्या बाहेरूनच वाचत गेलो, जितक्या कुंपणातून दिसतात तितक्या. बोरटोल्यातलं एक आडनाव नाही. एकही नाही, संचालक साहेब. सुखरामच्या पिंटूचंसुद्धा नाही. ओळखीचा वारा कुठून येणार?

हेच मी सुखरामला पानठेल्यावर बोललो. म्हटलं, आपण मिळून कमलेशकडे जाऊ. तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “जाऊ द्या ना गुरुजी. दुसऱ्याच्या घराकडं पाहाच्या आधी आपल्या घरी पाहावं मानसानं.” म्हणजे माझी गरिबी काढली. साठ वर्षांची ओळख. मी पान न घेता परत आलो.

तुम्ही माझा शब्द माझ्याच तोंडाने विकलात. सतरा नंबर तृप्तीच्या नावे करून द्या, नाहीतर मी काय करायचं ते करीन.

डो. रा. रामटेके
सेवानिवृत्त सहायक शिक्षक


बोरटोला
२१ एप्रिल २०२५

कमलेश,

तुझा माणूस पेढ्यांचा डबा आणि चिठ्ठी देऊन गेला. चिठ्ठीत एवढंच: ‘गुरुजी, एकदा घरी विचारा. मला बोलता येत नाही.’

बोलता येत नाही! वर्गात सगळ्यात मोठ्या आवाजात कविता म्हणणारा तूच होतास. तू म्हणायला लागलास की बाजूच्या वर्गातले मास्तर दार लावून घेत. आणि घरी काय विचारू? तृप्तीच्या आईला? बायजाबाईला तुझा चेहरासुद्धा पाहायचा नाही. तुझं नाव निघालं की ती उठून मागच्या दारी जाते. पेढे मी गाईसमोर ठेवले. तिने खाल्ले, तिला काय माहीत.

तेव्हा काल रविवारी मी तुझ्या गेटसमोर जाऊन बसलो. रविवारी तुझी बस नागपुराहून गिऱ्हाइकं घेऊन येते, हे मला ठाऊक होतं. घरून सतरंजी नेली, पाण्याची बाटली नेली. पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘या लेआउटच्या मालकाने आपल्या गुरुजींना दिलेला शब्द मोडला आहे. तुम्हाला दिलेलाही मोडेल.’ फळ्यावर लिहायचो त्याच अक्षरात लिहिलं. गेटवरचे गृहस्थ बिचारे म्हणाले, “बाबा, थोडं सावलीत तरी बसा ना जी. मले नोकरीवरून काढतीन, पण तुमाले ऊन लागून काही झालं तं जास्त काढतीन.”

बस आली. लोक उतरले. बरेचसे वाचून पुढे गेले. एक जोडपं थांबलं. मुलगी तृप्तीच्याच वयाची. तिने पुठ्ठा पुन्हा वाचला आणि विचारलं, “काका, खरं आहे का हे?”

मी सगळं सांगितलं. मोह, धुरा, नकाशा, सतरा नंबर. ती नवऱ्याला म्हणाली, “चला. आपली सगळी जमा याच्यात जाणार आहे.” नवरा म्हणाला, “नागपुरात काय भाव आहे माहीत आहे ना तुला? इथे नाही तर कुठे?” तिने पिशवीतून काकडी काढून मला दिली आणि बसमध्ये जाऊन बसली. तो बाहेर उन्हात उभा राहिला, फलकावरच्या माझ्या ओळी वाचत. नंतर तोही जाऊन बसला.

खरं सांगतो, त्या पोरीच्या जाण्याने मला थोडं वाईट वाटलं. पण बरंही वाटलं. घरी ताठ चालत आलो. तुझ्या ऑफिसातल्या माणसाने येऊन हात जोडले, ‘गुरुजी, सरांचं फार नुकसान होते’, म्हणाला. मी म्हटलं, सरांना म्हणावं, माझं झालं ते मोजून पाहा.

पुढच्या रविवारी पुन्हा येतो आहे. आपली भेट तिथेच होऊ दे.

डोमाजी


बोरटोला
६ मे २०२५

चि. कमलेश,

पुढच्या रविवारी मी आलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. का आलो नाही, हेही तुला माहीत असेल. मला माहीत नव्हतं तेवढंच सगळं तुला माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी तृप्ती आणि अश्विन दोघंही घरी आले. कोणीतरी मोबाइलवर माझा पुठ्ठ्यासकट फोटो फिरवला होता. तो तिच्या दवाखान्यापर्यंत गेला. ती चप्पल न काढता ओसरीत उभी राहिली.

“बाबा, उद्या तुमी गेटवर नाई जाचं.”

“काहून? तुझ्यासाठी जाऊन राहिलो मी.”

“तो प्लॉट माझ्या नावानं झाला होता.”

मी म्हटलं, कोणता प्लॉट?

“सतरा नंबर. कमलेशदादानं दोन सालाआधीच रजिस्ट्री करून देली होती. जुन्याच भावानं. मीच इकला तो.”

अश्विन खाली पाहत होता. बायजाबाई चुलीजवळून उठली नाही. तेवढ्यावरून मला कळलं की या घरात ही बातमी फक्त मलाच नवी आहे.

मी विचारलं, का विकला?

ती खाली बसली. मग एकेक सांगत गेली. प्लॉट मिळाला, पण त्यावर बांधायला बँक जेवढं देते तेवढ्यात जोतंसुद्धा वर येत नाही. अश्विनची नोकरी कंत्राटी, त्याच्या पगाराला बँक विचारत नाही. तेवढ्यात प्लॉटचा भाव तिप्पट झाला होता. तो विकून नागपूरच्या कडेला, तिच्या दवाखान्यापासून जवळ, सहाव्या मजल्यावर एका फ्लॅटचे पहिले पैसे भरता आले. दिवाळीत पझेशन आहे. छकुलीचं शाळेत नाव घालून झालं आहे. म्हणाली, “पोरगी झोपली असते तवा मी निघतो, अन् येतो तवा ते झोपली असते. तिची माय रविवारची माय आहे, बाबा.”

“अगं, इथंच तर होती ना सोय. मोहाखाली...”

“तुमी मले झाड देऊन राहिले होते. मले घर पाहिजे होतं.”

“मग मले सांगाचं ना.”

“सांगितलं असतं तं तुमी कविता म्हटली असती.”

कमलेश, इतक्या वर्षांत माझ्याच कवितेची छडी मला कोणी मारली नव्हती.

बायजाबाई तेव्हा उठली. “तिले कायले बोलता? मीच मनली होती, नोको सांगू. सायब दोन साल घर बांधत नव्हते, झाड तसंच होतं. तुमी दर सालाले टोपली घेऊन जात, अन् खुशीत येत. कोन सांगन तुमाले?” मग म्हणाली, “दिवाळीपासून मीबी जाऊन राहिली तिच्याकडं. पोरीले पाहाले कोनी पाहिजे. तुमी या नाईतर राहा.”

चाळीस वर्षं संसार केला, पण ‘या नाईतर राहा’ हे वाक्य तिने केव्हा तयार करून ठेवलं होतं, मला कळलंही नाही.

रात्री सुखरामकडे गेलो. तो खाटेवर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “कळलं ना गुरुजी आता?” मग सांगितलं. त्याच्या पिंटूला प्लॉट मिळाला होता. विकला, नागपुरात गाडी घेतली, कर्जावर चालवतो. गावातल्याच राजकुमारनेही आपला विकला, पोरीच्या शिक्षणाला. गावच्या प्रत्येक पोराला तू शब्दाप्रमाणे एकेक प्लॉट दिलास आणि एकेकाने तो वर्ष-दोन वर्षांत नागपूरवाल्याला दिला. “पैसा पाहून कोन थांबते जी? तुमी तेवढे पाट्या वाचत फिरत होते. आमाले हसू बी ये, अन् लाजबी वाटे.”

म्हणजे अख्ख्या गावाला भाव माहीत होता. मी एकटाच धुऱ्यावर बसलो होतो.

कागद मागितला नाही म्हणून मला कळलं नाही. रजिस्ट्री झाली का, एवढं कधी विचारलं असतं तर तेव्हाच उलगडलं असतं. पण मोहाची रजिस्ट्री कोण विचारतो? मी विचारणार नाही, हे माझ्या लेकीला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावर तिने दोन वर्षं काढली.

आता तुझ्याबद्दल. तृप्ती म्हणाली, गिऱ्हाईक तू शोधून दिलंस, दलाली घेतली नाहीस, आणि तिने शपथ घातली म्हणून गप्प राहिलास. पुठ्ठ्यावर मी तुला शब्दमोड्या लिहिलं, तुझं गिऱ्हाईक परत पाठवलं, तरी गप्प राहिलास. लोक म्हणतील, केवढा हा मोठेपणा. मला तसं वाटत नाही. मला तुझा राग येतो आहे आणि त्याला बसायला जागा सापडत नाही. तू खोटा निघाला असतास तर मी आणखी काही वर्षं सुखाने तुझ्यावर रागावून काढली असती. लेकीवर रागावायचं मला शिकवलेलं नाही. बायकोवर रागावायला आता उशीर झाला आहे. तू उरला होतास, तोही राहिला नाहीस.

तू तिला दिलेला शब्द पाळलास. पण धुऱ्यावर एक शब्द मलाही दिला होतास, की गुरुजी, तुमच्यापासून काही लपवून करणार नाही. तोही नकाशाच्याच वेळचा. दोन्ही पाळता आले नसते, हे मला कळतं. म्हाताऱ्याचा मोडणं सोपं गेलं, कारण म्हातारा विचारायला येत नाही. हे मात्र मी विसरणार नाही.

ज्या जोडप्याला मी परत पाठवलं त्यांचा फोन नंबर तुझ्या ऑफिसात असेल. त्या मुलीला सांग की गेटवरच्या काकांची चूक झाली, तुझ्या शब्दात खोट नाही. खोट कुठे आहे ते सांगू नकोस. तिला घर लागतं आहे. आणि फलकावरून माझ्या ओळी काढून टाक. तिथे राहणाऱ्यांच्या दारावर बेल आहे. आधी आवाज ओळखायची गरज कोणाला नाही.

बायजाबाई रोज थोडं थोडं सामान वेगळं काढते. माझ्याकडे पाहून काढते, की मी काही बोलतो का. तृप्ती म्हणते, बाबा, तुमच्यासाठी खिडकीजवळ खाट ठेवू. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांना वाटतं मी इथेच राहणार, गुरं आणि पुस्तकं सांभाळत, आणि त्या दोघी सुटीत येत राहणार.

एक काम आहे. आमचं बोरटोल्याचं हे घर, मागची परसबाग आणि विहिरीपर्यंतची जागा. स्टेशनला वीस मिनिटं. याची आजच्या तारखेला किंमत किती येईल, ते लिहून कळव. विकणारच आहे असं नाही. पण या गावात सगळ्यांना भाव माहीत असावा आणि मला नसावा, हे आता होणे नाही. गुरुजी म्हणून वाढवून सांगू नकोस आणि विद्यार्थी म्हणून सवलत देऊ नकोस; बाजारात जो आहे तोच आकडा लिही. या खेपेला कागदावर, सहीसकट.

आणि तृप्तीला किंवा तिच्या आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तुला गप्प राहता येतं, हे मी पाहिलं आहे.

डोमाजी गुरुजी